बाळाच्या उशाशी निर्णय कोणाचा?



आजच्या धड्याचा विषय जड आहे. म्हणून ही पत्रिका मिस्सेनंतर घरी न्या आणि नवराबायकोने मिळून सावकाश वाचा. अशी वेळ कोणावर येऊ नये हीच आपल्या सर्वांची प्रार्थना. पण ती येते तेव्हा विचार करायला सवड देत नाही. रात्री दोन वाजता मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर बसलेल्या आईवडिलांना डॉक्टर बाजूला बोलावतात आणि सांगतात, "मशीन आहे म्हणून श्वास आहे. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा." मग कोणी काका म्हणतो, "आता त्या पोराला किती टोचायचं?" आजी म्हणते, "देव नेईल तेव्हा नेईल, आपण हात लावायचा नाही." आईला काही सुचत नाही. वडील फादरांना फोन लावतात.

बाळ स्वतः बोलू शकत नाही. मग त्याच्या वतीने कोणी बोलायचे? आईवडिलांनी, डॉक्टरांनी, की न्यायालयाने? आणि ख्रिस्तसभा याबाबत काय शिकवते? एका खऱ्या घटनेच्या आधारे आपण हे समजून घेऊ.

१. लंडनचा चार्ली

४ ऑगस्ट २०१६ रोजी इंग्लंडमध्ये चार्ली गार्ड नावाचा मुलगा जन्मला. जन्मला तेव्हा तो धडधाकट वाटत होता. काही आठवड्यांत त्याची मान धरेना, वजन वाढेना. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयात दाखल केले. निदान झाले ते अत्यंत दुर्मीळ अशा आनुवंशिक आजाराचे. आपल्या शरीरातील पेशींना शक्ती पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक घटक असतात. चार्लीचे हे घटक हळूहळू निकामी होत होते. त्याला हातपाय हलवता येत नव्हते, ऐकू येत नव्हते आणि व्हेंटिलेटरशिवाय श्वास घेता येत नव्हता. पुढे त्याला फिट्स येऊ लागल्या आणि मेंदूलाही इजा झाली.

अमेरिकेतील एका तज्ज्ञाकडे अशाच जातीच्या, पण वेगळ्या आणि सौम्य आजारावर एक प्रायोगिक औषध होते. चार्लीच्या आजाराच्या रुग्णाला ते कधीही दिलेले नव्हते. आईवडिलांनी लोकांकडे मदत मागितली आणि सुमारे १३ लाख पौंड जमले. परंतु रुग्णालयातील डॉक्टरांचे मत झाले की, मेंदूची हानी आता भरून येणार नाही, या औषधाचा उपयोग होणार नाही आणि बाळाला बहुधा वेदना होत असाव्यात. म्हणून व्हेंटिलेटर काढून त्याला शांतपणे जाऊ द्यावे. आईवडील म्हणाले, एक संधी तरी द्या. एकमत होईना, तेव्हा रुग्णालयच न्यायालयात गेले.

११ एप्रिल २०१७ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने निकाल दिला. आईवडील वरच्या न्यायालयांत गेले. मे महिन्यात अपील न्यायालयाने, ८ जूनला तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणि जूनअखेर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यांना नकार दिला. जुलैमध्ये अमेरिकेचे तज्ज्ञ स्वतः लंडनला आले आणि त्यांनी बाळाला तपासले. नव्या स्कॅनमध्ये दिसले की, स्नायू फार झिजले आहेत आणि आता उशीर झाला आहे. २४ जुलै रोजी आईवडिलांनी आपला अर्ज मागे घेतला. त्याला घरी नेऊन तिथे निरोप द्यावा एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. व्हेंटिलेटरसह घरी नेणे शक्य नाही असे रुग्णालयाने सांगितले आणि अखेर मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या केंद्रात त्याला हलवण्यात आले. २८ जुलै २०१७ रोजी चार्ली देवाघरी गेला. पहिल्या वाढदिवसाला एक आठवडा उरला होता.

२. न्यायालयाने कोणत्या आधारे ठरवले?

इंग्लंडच्या कायद्यात मुलाचे हित सर्वांत वर मानले जाते. सर्वसाधारणपणे मुलासाठी आईवडीलच निर्णय घेतात. पण आईवडील आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला आणि तो न्यायालयात गेला, की न्यायाधीश स्वतः मुलाचे हित कशात आहे ते ठरवतात. चार्लीसाठी न्यायालयाने स्वतंत्र पालकही नेमला होता.

आईवडिलांच्या वकिलांचे म्हणणे होते की, आईवडिलांच्या निर्णयामुळे मुलाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तरच न्यायालयाने मध्ये पडावे. एरवी त्यांचा शब्द मानावा. न्यायालयांनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते आईवडिलांचे मत महत्त्वाचे असले तरी अखेरची कसोटी मुलाचे हित हीच होय.

इथे घाईने कोणाला खलनायक ठरवू नये. महिनोन्‌महिने त्या बाळाची देखभाल करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना त्याची दया येत नव्हती असे नाही. आणि एक टक्का आशेसाठी धावणारे आईवडील अडाणी होते असेही नाही. दोघेही बाळाचेच नाव घेत होते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

३. ख्रिस्तसभा काय शिकवते?

पहिली गोष्ट : आपण जीवनाचे मालक नाही, राखणदार आहोत. निष्पाप माणसाला मारण्याच्या हेतूने काही करणे, किंवा त्याच हेतूने काही करायचे टाळणे, हे दयामरण होय आणि ते पाप आहे. दुखणे संपवण्यासाठी दुखणेकऱ्यालाच संपवता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या आपल्या परिपत्रात हे ठामपणे सांगितले आहे.

दुसरी गोष्ट : मरण कसेही करून लांबवत राहणे हे कर्तव्य नाही. अनेक श्रद्धावंतांना हे ठाऊक नसते. "मशीन काढणे म्हणजे खून" असे आपल्याकडे सहज बोलले जाते. ती ख्रिस्तसभेची शिकवण नाही. १९५७ साली नोव्हेंबर महिन्यात भूलतज्ज्ञांसमोर बोलताना पोप पायस बारावे यांनी स्पष्ट केले की, प्राण राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे बंधनकारक आहे, असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. १९८० मध्ये श्रद्धासिद्धांत मंडळाने दयामरणावरील आपल्या घोषणापत्रात यात भर घातली. उपचार कसला आहे, किती गुंतागुंतीचा व धोक्याचा आहे, खर्च किती आहे आणि त्यातून काय हाती लागणार आहे, हे रुग्णाची शारीरिक व मानसिक ताकद लक्षात घेऊन तोलायचे असते. ओझे मोठे आणि लाभ जवळजवळ काहीच नाही, असा उपचार थांबवता येतो. अशा वेळी आपण मरण घडवत नाही. आपण ते रोखू शकत नाही हे स्वीकारतो.

तिसरी गोष्ट : उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. अंग पुसणे, कूस बदलणे, वेदना कमी करणे, जवळ घेणे आणि शरीर स्वीकारील तोवर दूध-पाणी देणे हे कधीही सोडायचे नाही. वेदनाशामक औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू वेदना कमी करण्याचाच असेल तर ते देण्यास हरकत नाही. २०२० साली श्रद्धासिद्धांत मंडळाने आजाऱ्यांच्या शुश्रूषेविषयी जे पत्र प्रसिद्ध केले, त्यात लहान मुलांचा खास उल्लेख आहे. बरे होणार नाही असे मूलही शेवटपर्यंत सोबतीला पात्र आहे आणि त्याच्यावर उगाच तपासण्यांचा व उपचारांचा मारा करू नये, असा त्याचा आशय आहे.

चौथी गोष्ट : कोणी ठरवायचे? कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात याचे थोडक्यात उत्तर आहे. रुग्ण सक्षम असेल तर त्याने स्वतः, नसेल तर कायद्याने ज्यांना त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे त्यांनी ठरवावे आणि रुग्णाची रास्त इच्छा व त्याचे खरे हित यांचा नेहमी मान राखावा. पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांनाही सांगितले होते की, त्यांना रुग्णाहून वेगळा, स्वतंत्र असा अधिकार नाही. रुग्णाने किंवा त्याच्या वतीने कुटुंबाने परवानगी दिली तरच ते पाऊल उचलू शकतात.

४. कोणाचा अधिकार कुठवर?

या शिकवणीच्या प्रकाशात आता तिघांचीही जागा पाहू.

आईवडील : पहिला शब्द त्यांचा. देवाने बाळ त्यांच्या ओंजळीत दिले आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या श्रद्धेची जबाबदारीही त्यांनीच घेतली आहे. परंतु ओंजळीत दिले म्हणजे मालकीचे केले असे नाही. "माझे बाळ, मी म्हणेन ते" हा आईबापाचा अधिकार नव्हे. आपल्याला त्याच्याविना जगवत नाही म्हणून त्याला मशीनवर ठेवणे, किंवा आपल्याला पाहवत नाही म्हणून मशीन काढणे, या दोन्हींत आपण बाळाकडे न पाहता स्वतःकडे पाहत असतो.

डॉक्टर : आजाराचे ज्ञान त्यांना आहे. उपचाराने काही साधेल का हे तेच सांगू शकतात आणि आईवडिलांनी ते नीट ऐकले पाहिजे. जो उपचार निव्वळ निरर्थक आहे तो करण्याची सक्ती डॉक्टरांवर करता येत नाही. पण "या उपचाराचा उपयोग नाही" असे सांगणे वेगळे आणि "या बाळाच्या जगण्याचा उपयोग नाही" असे सांगणे वेगळे. पहिले वैद्यकशास्त्र आहे. दुसरे कोणत्याही डॉक्टरच्या, न्यायाधीशाच्या किंवा आईबापाच्या अधिकारात बसत नाही. अपंग बाळाचा जीवही देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे.

न्यायालय : आईवडील मुलाला इजा करत असतील, उपचारावाचून मारत असतील, तर कोणीतरी त्या मुलाच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजे. त्यासाठी न्यायालय हवे. पण ते शेवटचे दार आहे. प्रेमळ आईवडील, उपचार करायला तयार असलेला तज्ज्ञ आणि जमलेला पैसा असताना न्यायालयाने "नेऊ नका" म्हणावे का, हा प्रश्न चार्लीच्या खटल्यानंतर जगभर विचारला गेला. तो रास्त प्रश्न होता असे आम्हांला वाटते. तो उपचार करण्याचे बंधन कोणावरही नव्हते. परंतु उपचार बंधनकारक नाही म्हणजे तो करून पाहण्याची मनाई आहे, असे होत नाही. उपचाराने बाळाचे हाल वाढतील एवढाच मनाईला पुरेसा आधार होऊ शकतो, आणि न्यायालयाने तोच आधार दिला होता हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

ख्रिस्तसभेतही तेव्हा दोन्ही बाजूंवर भर दिला गेला. जून २०१७ च्या अखेरीस जीवनविषयक परमपीठीय अकादमीचे अध्यक्ष आर्चबिशप विन्सेंझो पालिया यांनी म्हटले की, वैद्यकशास्त्राच्या मर्यादा मान्य कराव्यात. आईवडिलांचे ऐकावे, पण त्यांनाही वास्तव समजून घ्यायला मदत करावी. काही दिवसांतच, २ जुलै रोजी, पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रवक्त्यामार्फत आईवडिलांविषयी जवळीक व्यक्त केली आणि आपल्या बाळाला शेवटपर्यंत सोबत करण्याची व जपण्याची त्यांची इच्छा डावलली जाऊ नये अशी आशा प्रकट केली. रोममधील बाम्बिनो जेझू या मुलांच्या रुग्णालयानेही चार्लीला घेण्याची तयारी दाखवली. या दोन सुरांत विरोध नाही. मर्यादा मान्य करा असे एक सांगतो. आईवडिलांना बाळापासून दूर सारू नका असे दुसरा सांगतो.

५. आपल्या देशात

आपल्याकडे हा प्रश्न देशापुढे आला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अत्याचारानंतर अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या लहान मूल नव्हत्या, पण मुलासारख्याच स्वतःसाठी बोलू शकत नव्हत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागणारी एका लेखिकेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितले की, ज्यांनी रोज त्यांना भरवले, पुसले, सांभाळले त्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा. त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी त्या न्यूमोनियाने वारल्या. सेवा करणाऱ्याचा शब्द मोठा, हे आपल्या श्रद्धेशी जुळणारेच तत्त्व आहे.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची रीत ठरवून दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली. सज्ञान व्यक्ती आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकते. बालकाला ते शक्य नाही. रुग्णाने असे काही लिहून ठेवलेले नसेल तेव्हा, बरे होण्याची आशा नसल्यास, रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ तपासणी करते, कुटुंबाशी बोलते व लेखी संमती घेते. मग दुसरे मंडळ ते मत पडताळून पाहते. ते अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. म्हणून कोणी डॉक्टर घाईने सही मागत असेल, तर आईवडिलांनी निर्धास्तपणे म्हणावे, "आम्हांला नीट समजावून सांगा. दुसऱ्या डॉक्टरांचे मतही हवे आहे."

६. जो प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही

आपल्याकडे अनेकदा निर्णय घेतात ते आईवडीलही नव्हेत आणि न्यायालयही नव्हे. निर्णय घेते ते बिल. दागिने गहाण पडतात, जागेचा तुकडा विकला जातो, नातेवाइकांकडून उसने घेऊन होते. एके दिवशी वडील कागदावर सही करतात आणि बाळाला घरी आणतात. पुढे वर्षानुवर्षे मनात एकच काटा सलतो : "पैसे असते तर?"

अशा आईवडिलांना ख्रिस्तसभेचे म्हणणे मुद्दाम सांगायला हवे. खर्च आणि कुटुंबाची ताकद हीसुद्धा विचारात घेण्याची गोष्ट आहे, हे १९८० च्या घोषणापत्रात आहे. कुटुंबावर सद्सद्विवेकाने लादता येणार नाही इतके ओझे होत असेल तर ते उपचार थांबवण्याचा आग्रह धरू शकते, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच म्हटले होते. आशा नसलेल्या उपचारासाठी घरातली बाकीची मुले उघड्यावर आणली नाहीत, म्हणून तुम्ही बाळाला मारले असे होत नाही. तुम्ही गुन्हेगार नाही.

पण दुसरी बाजूही आहे. बरे होऊ शकणारे मूल केवळ पैशाअभावी घरी परतले, तर तो दोष एकट्या आईवडिलांचा नसतो, शेजारच्या बाकावर बसून मिस्सा ऐकणाऱ्या आपल्या सगळ्यांचा असतो. अशा कुटुंबाची बातमी वेळेवर फादरांपर्यंत पोहोचवणे, सरकारी योजनेचे कागद भरून देणे, रक्त देणे, आईबरोबर रात्र काढणे, हे आपल्या लघु ख्रिस्ती समूहांचे काम आहे.

७. वेळ आली तर

निर्णय एका बैठकीत घेऊ नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : या उपचाराने काय साधेल? बाळाला त्रास किती होतो आहे? मशीन काढल्यावर त्याच्या वेदनांसाठी काय कराल? फादरांना लवकर बोलवा, अगदी शेवटच्या घटकेला नको. बाळाचा बाप्तिस्मा झाला नसेल आणि धर्मगुरू पोहोचत नसतील, तर कोणीही, अगदी परिचारिकाही, डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. मरणाच्या दारी असलेल्या बालकाला धर्मगुरू दृढीकरणही देऊ शकतात. जाणते मूल असेल तर रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यावा. आणि आईच्या कुशीत, वडिलांचा हात धरून बाळाला जाता यावे असा आग्रह रुग्णालयाकडे जरूर धरा.

संत मार्कच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. घर माणसांनी भरले होते, सगळे रडत-ओरडत होते, कोणी हसतही होते. प्रभू येशूने त्या सर्वांना बाहेर काढले. आत घेतले ते आपल्या सोबत्यांना आणि मुलीच्या आईला व वडिलांना. मग त्याने मुलीचा हात धरला. आजारी बाळाच्या खोलीत कोणी असावे याचे उत्तर तिथे आहे : बाळ, त्याचे आईवडील, त्यांना साथ देणारे मोजके विश्वासू आणि बाळाचा हात धरणारा प्रभू. याईराची मुलगी उठली. चार्ली उठला नाही, आपल्यातल्याही काहींची बाळे उठली नाहीत. पण प्रभूने त्यांचा हात सोडला नाही, ही आपली श्रद्धा आहे. निर्णय आईवडिलांनी घ्यायचा, पण बाळाच्या जिवाचा धनी तो एकच. म्हणूनच निर्णयाचे सगळे ओझे एकट्याच्या खांद्यावर घेऊन जन्मभर चालण्याची गरज नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. "उपचार थांबवणे" आणि "जीव घेणे" यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
२. आईवडील व डॉक्टर यांचे मत जुळत नसेल तर आपण त्या कुटुंबाला कशी मदत करू शकतो?
३. आपल्या वाडीत आजारी मुलाचे कुटुंब आहे का? या आठवड्यात त्यांच्यासाठी आपण कोणती एक गोष्ट करू?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आजारी बाळाच्या उशाशी जागणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना आज तुझ्या हाती सोपवतो. डॉक्टरांना खरे बोलण्याचे बळ दे, न्याय करणाऱ्यांना नम्रता दे, आणि आम्हा शेजाऱ्यांना वेळेवर धावून जाण्याची बुद्धी दे. जी बाळे तुझ्याकडे आली, त्यांना तुझ्या कुशीत विसावा दे. आमेन.